मागील बाकी

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या तालुक्यांतील वाड्या आणि तांडे ओस पडू लागतात. दाराला कुलूप, ओसरीवर मागे ठेवलेली एखादी म्हातारी, आणि ऊसतोडणीसाठी रस्त्याला लागलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्रे, कोंबड्या, पोरे असा सहा महिन्यांचा संसार, हे दृश्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा पाहिले आहे की पणत्यांचा उजेड दिसला म्हणजे मला त्या ट्रॉल्यांची आठवण होते. माझा व्यवसाय पुरवठादारांच्या तपासणीचा आहे. मोठ्या कंपन्यांच्या पेयांत, बिस्किटांत, औषधांत जो माल पडतो, तो ज्या हातांतून येतो त्या हातांपैकी कोणाचे हात बांधलेले तर नाहीत ना, हे जागेवर जाऊन पाहावयाचे आणि त्याचा लेखी अहवाल कंपनीच्या दप्तरी दाखल करावयाचा, हे माझे काम. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्याला साखरेपाशी यावेच लागते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०२१ सालासाठी केलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी माणसे आधुनिक दास्यात होती आणि त्यांपैकी २ कोटी ८० लाख सक्तीच्या श्रमात. ब्रिटनने २०१५ साली यासंबंधी अधिनियम केला, आणि त्याच्या कलम ५४ नुसार वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंडांची वा त्याहून अधिक असलेल्या प्रत्येक व्यापारी संस्थेला आपण या बाबतीत काय उपाय योजले याचे निवेदन दर वर्षी प्रसिद्ध करणे भाग पडले. परंतु ‘आम्ही कोणताही उपाय योजला नाही’ एवढेच निवेदन केले तरी त्या कलमाची पूर्तता होते, ही त्यातील उणीव मला प्रथमपासून खुपत आली आहे. आपला कायदा याहून जुना आणि माझ्या मते याहून धारदार आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठ आणि सक्तीचा श्रम निषिद्ध ठरविला. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने अशा श्रमामागचे कर्जच विसर्जित केले, कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला, आणि कलम २३ ने अपराध कंपनीचा असेल तर तिच्या कारभाराची जबाबदारी वाहणाऱ्या अधिकाऱ्यांनाही अपराधी मानले. मुंबईतील आलिशान सभागृहांत हे कलम मी वाचून दाखवितो तेव्हा समोरचे बहुतेक अधिकारी ते पहिल्यांदाच ऐकत असतात.

वेठीचे मूळ बहुधा एखाद्या मंगल कार्यातच सापडते. जुन्या ठाणे जिल्ह्यातील वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम घेई आणि तिच्यापोटी स्वतः, पुष्कळदा बायकोसह, त्याच्या शेतावर राबत राही. त्याला नावच लग्नगडी असे पडले होते. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो लढा दिला, तो ही प्रथा मोडण्यासाठीही होता. आज ऊसतोडणीला निघालेल्या जोडप्याला उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, कशासाठी घेतली असे विचारले, तर बहिणीचे लग्न, बापाचे आजारपण, घराचा पत्रा, मागच्या दुष्काळातले देणे, अशीच उत्तरे मिळतात.

माझी पहिली तपासणी मी विसरलेलो नाही, कारण ती चुकीची होती. पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्यात आठ दिवस आधी कळवून गेलो. हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधीची चलने, किमान वेतनाचे तक्ते, सारे कागद चोख होते. फाटकाच्या आतील एकाही कामगाराची तक्रार नव्हती. मी समाधानाने सही केली. ज्यांनी तो ऊस तोडला त्या हजारो माणसांपैकी एकाचेही नाव त्या दप्तरात नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. कारखान्याचा करारनामा तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराची बोली मुकादमाशी, आणि मुकादमाचा नोकरनामा टोळीतील पुरुषांशी. आणि बायकोचे नाव तर त्या शेवटच्या कागदावरही नाही, कारण नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’ धरला जातो. कंपनी साखर विकत घेते आणि तिचा तपासनीस साखरेच्या पोत्यापाशी थांबतो, ही मर्यादा मी निमूटपणे मान्य केली होती.

दोन वर्षांनी, दुसऱ्या एका कंपनीच्या कामासाठी, न कळवता, जानेवारीतल्या एका पहाटे चार वाजता मी एका महिला सहकाऱ्यासह उसाच्या फडावर गेलो. थंडी कडाक्याची होती. कोपीच्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीच्या, तोंडाशी चूल पेटलेली, आणि एक बाई पाठीशी पोर बांधून भाकऱ्या थापीत होती. कोपीच्या मधल्या मेढीवर कोळशाच्या रेघा ओढलेल्या होत्या, पाच-पाचांच्या जुड्या करून. त्या कशाच्या, असे माझ्या सहकाऱ्याने विचारले.

‘‘गाड्या हायती त्या, ताई. जेवढ्या आमी भरल्या तेवढ्या. कारखान्यावर काटा व्हतो, पर चिठ्ठी आमच्या हाती येत न्हाई. मुकादम सांगंल तेवढे टन.’’

‘‘आणि उचल किती फिटली?’’

‘‘ते वहीला ठावं.’’

ती वही मुकादमाने, बरीच मनधरणी केल्यावर, दाखविली. लाल बांधणीची, मळकट, प्रत्येक पानाला एका पुरुषाचे नाव. पहिल्या ओळीत ‘मागील बाकी’. तिच्याखाली यंदाची उचल. मग आठवड्याची खर्ची, दवाखाना, पीठ, आणि ‘खाडा’ या नावाखाली कामावर न आलेल्या दिवसांचा दंड. जमेच्या बाजूला टनांचे आकडे एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे एका रांगेत उतरलेले. त्या बाईच्या नवऱ्याच्या पानावरील मागील बाकी चार हंगामांपूर्वीची होती आणि त्यातला काही भाग तिच्या सासऱ्याच्या नावावरून इकडे ओढलेला होता.

आता हिशेब पाहावा. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात तोडणीदरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला सुमारे ३६६ रुपये असा दर झाला. एका कोयत्याने १ लाख रुपये उचल घेतली असेल, तर ती फेडण्यास २७३ टन ऊस तोडावा लागतो. दोघांनी मिळून रोज दोन टन तोडले, एकही दिवस न चुकवता, तरी १३७ दिवस लागतात, आणि तेही त्या काळात पोटाला एक पैसा न घेता. हंगाम साधारण चार-पाच महिन्यांचा. पाऊस कमी झाला की तो त्याहूनही लवकर संपतो. म्हणजे बाकी राहणार हे उचल देतानाच ठरलेले असते, आणि बाकी राहिली म्हणजे पुढल्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावे लागणार हेही. त्यात खाड्याची भर. पाळी, गर्भारपण, ताप, कशालाही सुटी नाही. २०१९ साली शासनाच्या समितीपुढे आलेल्या माहितीप्रमाणे बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. एका दिवसाच्या खाड्याला भिणाऱ्या बाईपुढे डॉक्टराने हा मार्ग ठेवला, तर तिची ती संमती स्वेच्छेची मानावी काय, हा प्रश्न मी कंपनीच्या संचालकांपुढे अनेकदा ठेवला आहे.

या साऱ्यातून माझे एकच मत बनले आहे. दास्याचा शोध घ्यावयाचा असेल तर कंपनीने मालाच्या मागे न जाता उचलीच्या मागे जावे. पैसा कोणाच्या तिजोरीतून निघाला, किती हातांतून खाली आला, कोणत्या कागदावर अंगठा घेऊन दिला गेला, आणि तो वसूल कसा होतो, एवढे तपासले म्हणजे बाकीचे आपोआप उघड होते. खरेदीच्या करारात म्हणून मी चार अटी आग्रहाने घालावयास लावतो: उचल बिनव्याजी आणि लेखी असावी, कोरा मुद्रांक घेऊ नये, हंगाम संपला की बाकी पुढे ओढू नये, आणि काट्याची पावती प्रत्येक कोयत्यातील दोन्ही माणसांना, त्यांच्या त्यांच्या नावाने मिळावी. शेवटच्या अटीला सर्वांत अधिक विरोध होतो. राज्य ओलांडून जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली स्वतंत्र कायदा झाला, पण बीडहून सांगलीला जाणाऱ्याने राज्याची हद्द ओलांडलेली नसल्यामुळे तो त्या कायद्याच्या कक्षेत येत नसे. अशा माणसाला कागदावर नाव मिळण्यासाठी खरेदीदाराचा आग्रह हाच पुष्कळदा एकमेव आधार ठरतो.

हा आग्रह धरणाऱ्या खरेदीदाराने स्वतःच्या दराकडेही पाहिले पाहिजे. टनामागे दोन रुपये कमी करून घेणारे खरेदीखाते आणि वेठीविरुद्ध धोरण लिहिणारे खाते एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर बसते, आणि त्यांची गाठ वर्षातून एकदाही पडत नाही. पहिला दोष आढळताच करार तोडून मोकळे होण्याची घाई तर मला सर्वांत घातक वाटते, कारण कंपनी निघून जाते, बातमी विरते, आणि वहीतली बाकी तशीच राहून तिच्यात नव्या दंडाची भर पडते. मुकादमालाही मी सरसकट खलपुरुष मानीत नाही. तोही पुष्कळदा त्याच तांड्यातला, एके काळी कोयता हाती धरलेला, आणि ठेकेदाराच्या वहीत स्वतः नावे पडलेला असतो. टोळी पळाली तर त्याची जमीन जाते. म्हणून वसुलीचा धाक खालच्या पायरीवर कमी करावयाचा असेल तर रक्कम बुडण्याचा धोका वरच्या पायरीने पत्करला पाहिजे, आणि वरची पायरी म्हणजे कारखाना आणि त्याचा खरेदीदार.

ज्या फडाची गोष्ट वर सांगितली, त्या कारखान्याने, दोन हंगामांच्या घासाघिशीनंतर, छापील कार्डे दिली. एका बाजूला टन, दुसऱ्या बाजूला उचल आणि फेड, वर दोन नावे. तिसऱ्या हंगामात मी त्या टोळीकडे गेलो, तेव्हा तीच बाई दुसऱ्या कोपीत होती; तिची मुलगी या वेळी गावी, आजीजवळ शाळेत. मेढीवर कोळशाच्या रेघा तशाच होत्या. कार्ड आले तरी हे कशाला, असे मी विचारले. तिने कार्ड चुलीच्या उजेडात धरून माझ्याकडून आकडा वाचून घेतला, रेघांच्या जुड्यांवरून बोट फिरवून पुटपुटत मोजदाद केली, आणि म्हणाली, ‘‘एक गाडी कमी लिवलीय, साहेब. बुधवारची.’’

आम्ही काट्यावर जाऊन नोंद पाहिली. बुधवारची गाडी दुसऱ्या टोळीच्या नावावर चढली होती.