वन्संचा कॉल आणि माझा हिशेब

आमच्या वन्सं पुण्याला असतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना शेअरबाजाराचा नाद लागला आहे. पदरचं घालवून लागलेला नव्हे, म्हणून घरात त्याला मान आहे! त्या दर महिन्याला ‘कव्हर्ड कॉल’ विकतात. म्हणजे काय, ते आधी सांगते.

आपल्याजवळचे शेअर ठराविक तारखेपर्यंत ठराविक भावाला घेण्याचा हक्क आपण दुसऱ्याला विकायचा. त्याबद्दल तो रोख प्रीमियम देतो. भाव वर गेला तर ठरल्या भावाला शेअर द्यायचे. नाही गेला तर शेअर आपलेच. घराचा विसार घेतल्यासारखंच, फक्त हा विसार परतही करायचा नाही आणि किमतीतून वळताही करायचा नाही.

वन्संकडे एका कंपनीचे २,५०० शेअर आहेत, फार पूर्वी १८० रुपयांनी घेतलेले. भाव २४० असताना त्यांनी २५० चा कॉल साडेपाच रुपयांना विकला. झाले १३,७५० रुपये. मग फोन आला, “अगं, तुझी मुदतठेव सुटतेय ना? तूही तेच शेअर घे आणि हाच कॉल विक.”

ही आठ लाखांची ठेव माझ्या शिकवण्यांची. माझ्या एकटीच्या नावावर घरात एवढंच आहे. पैसे हातात येईपर्यंत भाव २४६ झाला होता, मुदतीला दहा दिवस उरले होते आणि तोच कॉल चार रुपयांवर आला होता. हे म्हणाले, “साडेपाचाऐवजी चार, दुसरा फरक काय?”

मी शिकवणीची जुनी वही काढून बसले. भाव २२० झाला तर? कागदावर वन्संचंही माझ्याइतकंच जाणार, पण त्यांचं जाणार नफ्यातून आणि माझं मुदलातून. चार रुपये प्रीमियम धरूनही मी ५५,००० रुपयांनी खाली. आणि भाव कितीही वर गेला तरी मला मिळणार जास्तीत जास्त २०,०००. मे महिन्याच्या कैरीचं प्रमाण घेऊन जुलैत लोणचं घातलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

त्यातून ह्यांनी सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल वाचून दाखवला. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला, सरासरी सुमारे दोन लाखांचा. हे वाचून दाखवतात, तेव्हा आवाज जरा चढाच असतो.

निम्म्यावर भागवलं असतं, पण अर्धा लॉट मिळत नाही. मग मी रीत वन्संचीच ठेवली आणि आकडे माझे घातले. चालू महिना सोडून पुढच्या महिन्याचा, २६० चा कॉल सहा रुपयांना विकायचा. आणि त्यातलेच साडेचार रुपये देऊन २३० चा ‘पुट’ विकत घ्यायचा. पुट म्हणजे २३० ला शेअर विकण्याचा माझा हक्क. बाजार कितीही कोसळला तरी तोटा ३६,२५० च्या पलीकडे जाणार नाही. नफाही ३८,७५० ला अडकणार, तो अडकू दे. (दलाली आणि कर यातून जातात, ते वेगळं.) कॉल विकायला शेअर ब्रोकरकडे तारण ठेवावे लागतात, वर काही रोकडही लागते; म्हणून ठेवीतले उरलेले पैसे खात्यातच राहू दिले.

वन्सं हसल्या. “म्हणजे हाती उरला दीड रुपया! पुट कशाला घेतेस? मी कधी घेतला का?”

म्हटलं, “वन्सं, तुम्ही सहासष्ट रुपयांच्या गादीवर बसला आहात. मी सतरंजीवर आहे.”

यावर त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “२३० चाच का? २३५ चा का नाही?” म्हणजे पटलं होतं! २३५ चा महाग पडत होता, कॉलचे सगळे पैसे त्यातच गेले असते.

महिनाअखेरीच्या मंगळवारी त्यांची मुदत संपली. भाव २५० च्या आतच राहिला, शेअर आणि १३,७५० दोन्ही त्यांचेच. काल मात्र भाव २३८ होता. कागदावर शेअरमध्ये मी वीस हजारांनी खाली आहे, आणि माझ्या मुदतीला अजून तीन आठवडे आहेत. रात्री त्यांचा फोन आला, “आता २५० चाच पुन्हा विकू, का खालचा?”

मी म्हटलं, “तुमची खरेदी १८० ची. वही घ्या, मी आकडे सांगते.”