प्रोसेशन आणि प्रिसेशन

श्रावणातला सोमवार होता. दोन दिवसांसाठी उज्जैनला आत्याकडे गेलो होतो. दुपारी महाकालाची सवारी निघायची होती, म्हणून सकाळीच आतोबा मला वेधशाळा दाखवायला घेऊन गेले. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा १९२३ साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिचा कारभार पाहिला.

ढगांमुळे सावली नव्हतीच. शंकुयंत्राच्या ओट्यावरील एका रेषेवर बोट ठेवून आतोबा म्हणाले, "२२ डिसेंबरला सावली या रेषेवरून फिरते. उत्तरायण त्या दिवशी सुरू होते."

"पण संक्रांत तर १४ जानेवारीला!"

"मधल्या तेवीस दिवसांचे कारण प्रिसेशन."

मी मान डोलावली. "हो, चार वाजता निघते ना?"

आतोबा क्षणभर पाहत राहिले आणि मग खो खो हसू लागले. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी! शरमेने माझे कान तापले. खरे सांगायचे तर हा शब्द वर्गात कानावर पडला होता. तेव्हाही मी 'मिरवणूक' असाच अर्थ घेतला आणि सगळे हसतील या भीतीने गप्प राहिलो.

आतोबांनी तिथेच बसून समजावले. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एका फेरीला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे संपातबिंदू दर ७२ वर्षांनी एक अंश पश्चिमेकडे सरकतो. ऋतू संपाताशी बांधलेले, आपली संक्रांत ताऱ्यांशी. म्हणून दोहोंत अंतर पडत गेले. विवेकानंदांचा जन्म झाला ती १८६३ ची संक्रांत १२ जानेवारीला होती. आता ती १४ किंवा १५ ला येते. मूळ लॅटिनमध्ये एका शब्दाचा अर्थ पुढे चालणे, दुसऱ्याचा आधी जाणे. संपात मागे सरकल्यामुळे सूर्य त्याला थोडा आधीच गाठतो, म्हणून प्रिसेशन. मराठीत मात्र मिरवणूक आणि अयनचलन! घोटाळ्याला जागाच नाही.

संध्याकाळी बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळमंदिरापाशी उभे राहून पालखी पाहिली. ती पावलापावलाने सरकत होती. मनात आले, माणसाच्या उभ्या आयुष्यात ते दुसरे चलन जेमतेम एक अंशाचे!

परत आल्यावर पहिल्याच तासाला मी हात वर केला. "सर, समजले नाही." दोघेतिघे हसले. पण सरांनी पुन्हा सांगायला सुरुवात करताच मागच्या बाकावरच्यांनीही वह्या उघडल्या.