नल म्हणजे शून्य नव्हे

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्तही तसंच आहे. या वयात मी परीक्षेला बसतेय! ओरॅकलची एसक्यूएलची परीक्षा. नात पुण्याहून फोनवर तिच्या कामाचं सांगते आणि मला ओ की ठो कळत नाही, त्या रागात सुरुवात केली.

भाषा वाटली तितकी परकी नाही. लिहिताना सिलेक्ट पहिलं, पण अर्थ लावताना आधी फ्रॉम, मग व्हेअर, सिलेक्ट त्यानंतर. म्हणजे ‘पटावरून, सातवीतल्या मुलींची, नावं काढ’. हा तर आपल्या मराठीचाच क्रम की!

अडले ती नलपाशी. (नल म्हटलं की मला दमयंतीच आठवते. असो.) सरावाला ‘स्कॉट’ या खात्यातली जुनी टेबलं घेतात. पासवर्ड ‘टायगर’. ओरॅकलच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी ब्रूस स्कॉट यांच्या घरच्या मांजराचं हे नाव! त्यातल्या एम्प टेबलात १४ नोकर. कमिशन फक्त चार विक्रेत्यांच्या रकान्यात: ३००, ५००, १४०० आणि टर्नरला ०. बाकी दहा जणांचा रकाना नल. टर्नरचं शून्य हे खरं शून्य. दहा जणांच्या रकान्यात मात्र आकडाच नाही. सरासरी काढायला सांगितली की २२०० ला चारानेच भाग जातो, उत्तर ५५०. नलच्या जागी शून्य धरलं तर १४ ने भागून जेमतेम १५७.

५५० बघितले आणि माझा हात थांबला.

१९८४ साली माझ्या वर्गातली एक मुलगी सहामाहीत टायफॉइडने आजारी होती. गणिताचा पेपर बुडला. गुणपत्रकात ‘गैरहजर’ लिहायचं, ते मी शून्य लिहिलं. घाईत होते, दुसरं कारण नाही. वर्षाची सरासरी त्या शून्यासकट निघाली, पोरगी नापास झाली. वडील म्हणाले, “बाई, हिला काय झेपत न्हाई.” जूनमध्ये ती आलीच नाही. मी पुन्हा गुणपत्रक उघडून पाहिलं नाही.

नातीला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “आजी, पेपरात हा प्रश्न नक्की येतो हं.”

काल ‘कमिशन बरोबर नल’ असं लिहून शोधलं, एकही ओळ आली नाही. नलची बरोबरी कशाशीच होत नाही, नलशीसुद्धा. तिथे ‘इज नल’ असं विचारावं लागतं. तसं विचारल्यावर दहाच्या दहा नावं आली.

त्या मुलीचं नाव मला पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. माझ्या तेव्हाच्या वर्गातलं कुणी हे वाचत असेल, तर ती कुठे असते ते कळवा.