दोन्ही देशांत एकदम दुष्काळ



कनानात पाऊस पडला नाही की मिसरात उतरायचे, ही वाट अब्राहामापासूनची. मिसरचे पीक पावसावर नव्हे, नील नदीच्या पुरावर यायचे. एकीकडे उणे पडले तरी दुसरीकडे मिळेल, हा भरवसा होता. योसेफाच्या काळात मात्र दुष्काळ दोन्ही देशांवर एकाच वेळी आला.

आज ही गोष्ट आपल्या ताटाजवळ आली आहे. कोळसा आणि तेल जाळून हवा तापते आहे. भारत आणि चीन यांना एकाच वर्षी कडक उष्मा व अपुरा पाऊस सोसावा लागण्याची शक्यता 1980 पूर्वी शेकडा 5 हून कमी होती. आता ती 15 हून अधिक आहे, असे स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी 2018 साली दाखवले. 2022 मध्ये देशाच्या सरासरी कमाल तापमानात मार्च महिना 1901 पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. पंजाब-हरियाणात दाणा भरायच्या वेळीच गहू सुरकुतला आणि 13 मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. त्याच वर्षी चीनमध्ये यांगत्से नदी आटली.

इंदुरात ऐपतीची घरे एप्रिलात वर्षाचा लोकवन गहू भरतात. रोजंदारीवरची घरे पाच-पाच किलो आणतात. भाव चढला की आधी त्यांची पोळी कमी होते. आमच्या मंडळीच्या कोठीत कमी पडले तर दुसऱ्या गावची मंडळी पोती पाठवते. सगळीकडेच कमी पडले तर कोण कोणाला पाठवणार?

योसेफाने सुकाळातच पाचवा हिस्सा बाजूला काढला, हे आपण मुलांना शिकवतो. पण उत्पत्तीचा 47वा अध्यायही वाचू या. त्याच कोठारांतले धान्य घेता घेता मिसरच्या लोकांची गुरे गेली, जमिनी गेल्या, शेवटी ते फारोचे दास झाले. कोठार भरणे पुरेसे नाही. ते कसे उघडायचे हेही ठरवावे लागते.

म्हणून यंदा आम्ही ठरवले आहे: ज्या घरी वर्षाचा गहू भरला जाईल, तिथून विसावा हिस्सा कोठीत यावा. घेणाऱ्याचे नाव फळ्यावर लागणार नाही आणि त्याच्याकडून परतफेड मागितली जाणार नाही.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर 'माझी' नाही, 'आमची' आहे. यांगत्सेकाठचा शेतकरीही त्या शब्दात येतो.

हे पित्या, सुकाळात आमचा हात आखडू देऊ नकोस, आणि टंचाईत आमचे दार बंद होऊ देऊ नकोस. आमेन.