तेराव्या पानावरची चूक

पहिल्या आवृत्तीचा माग काढणाऱ्याला खुनी कोण, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' हाती आली, की तो आधी १९०२ साल आणि जॉर्ज न्यून्स हे प्रकाशकाचं नाव पाहतो. मग थेट तेराव्या पानाची तिसरी ओळ. तिथे 'युअर'च्या जागी 'यू' छापलं असेल, तर त्याचा चेहरा खुलतो. मुद्रितशोधकाची डुलकी इथे पुरावा ठरते.

कधी पुरावा म्हणजे नुसती अनुपस्थिती. अनेक जुने ब्रिटिश प्रकाशक 'पहिली आवृत्ती' असं छापतच नसत. पुनर्मुद्रणाची नोंद नाही, एवढीच खूण. शेरलॉक होम्सच्या कथेतल्या, न भुंकण्यानेच पुरावा ठरलेल्या कुत्र्याची आठवण व्हावी!

देशही चकवतो. अगाथा ख्रिस्ती इंग्लंडची, पण तिच्या गुप्तहेर पायरोची पहिली कादंबरी पुस्तकरूपात आधी न्यूयॉर्कला निघाली, १९२० मध्ये. लंडनची आवृत्ती १९२१ची. मग खरी पहिली कोणती? एक संग्राहक तारखेला मान देतो, दुसरा लेखिकेच्या मायभूमीला.

अमेरिकी बुक क्लबच्या प्रती तर हुबेहूब पहिल्या आवृत्तीसारख्या दिसतात. जॅकेटच्या, म्हणजे बाहेरच्या कागदी वेष्टनाच्या, आतल्या घडीवर किंमत नसेल आणि मागच्या पुठ्ठ्यावर बारीकसा खोलगट ठसा असेल, तर जाणकार पुस्तक खाली ठेवतो.

हॅमेटच्या १९३०च्या 'द माल्टीज फाल्कन'ला मूळ जॅकेट असलं, की किंमत कैक पटींनी चढते. म्हणूनच जुन्या जॅकेटांच्या प्रतिकृती निघतात. सचोटीचा विक्रेता तसं स्पष्ट सांगतो. इतरांसाठी खिशात भिंग असतं: अक्षरांच्या कडा ठिपक्यांत फुटलेल्या दिसल्या, तर संशय पक्का होतो.