पावती मिळाली, कॉफी नाही

अमेरिकेत गेलेला माणूस मॉल पाहून येतो. मी मुलीला म्हटले, "बेटा, मला ते बंद पडलेले दुकान दाखव." नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो शहरात साउथ एल्म स्ट्रीटवर ते आहे. वर वूलवर्थची पाटी, आत आता संग्रहालय.

फ्रँक वूलवर्थने १८७९ साली पाच सेंटला वस्तू विकण्याची दुकाने काढली, पुढे दहा सेंटचाही माल ठेवला. सामान उघडे मांडलेले, गिऱ्हाइकाने हाताळून पाहावे, घासाघीस नाही. गरिबालाही तोच भाव, श्रीमंतालाही तोच. गावोगावी या दुकानांत खरेदी करून दमलेल्यांसाठी खाण्याचा लांब काउंटर असे. पुढे लोक उपनगरांत राहायला गेले, गाड्या लावायला जागा असलेले मॉल आले, १९६२ मध्ये वॉलमार्ट निघाले. १९९७ साली कंपनीने अमेरिकेतली ही स्वस्त मालाची दुकाने गुंडाळली. बुटांचे फूट लॉकर ही त्याच कंपनीची उरलेली शाखा.

ग्रीन्सबरोचा काउंटर मात्र जागच्या जागी आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. एका भावाची ही दुकाने, पण या स्टुलांवर बसायचा हक्क फक्त गोऱ्यांना!

१ फेब्रुवारी १९६० रोजी पहिल्या वर्षाचे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी इथे आले. आधी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या. मग स्टुलांवर बसून कॉफी मागितली. मिळाली नाही. पैसे त्या गल्ल्यावर चालतात, मग इथे का नाही, एवढाच त्यांचा सवाल होता. पावती पुरावा म्हणून जपायची ही अक्कल मला फार आवडली. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी मुले आली, आठवडाभरात शेकडो.

चौघांपैकी एझेल ब्लेअर यांनी पुढे इस्लाम स्वीकारला. १९६८ पासून त्यांचे नाव जिब्रील खजान. हे कळल्यावर मुलगी म्हणाली, "अम्मी, हे तर शाळेत कुणी सांगितलेच नाही."

२५ जुलै १९६० रोजी दुकानाने हार मानली. त्या दिवशी काउंटरवर सर्वांत आधी जेवले ते याच दुकानातले कृष्णवर्णीय नोकर. इतकी वर्षे ते इथे राबत होते, बसले मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.