दुपारी घरी कोण असतं?

बॉस, आधी एक कबुली देऊन टाकते. गेली चार वर्षं मी माझ्याच घरातली दुपार पाहिलेली नव्हती.

सकाळी आठच्या आसपासची लोकल, गोवंडीहून कुर्ला, तिथून शेअर रिक्षाने बीकेसी. ऑफिसात एसी इतका कडक, की ऐन एप्रिलमध्येही खुर्चीच्या पाठीवर स्टोल ठेवलेला असतो. घरी परत येईपर्यंत रात्रीचे आठ. वीकेण्डची दुपार? ती मॉलमध्ये, मल्टिप्लेक्समध्ये, नाहीतर मैत्रिणीकडे. थोडक्यात, एसीतून एसीत. उन्हाळा मला माहीत होता तो फक्त प्लॅटफॉर्मवरचा.

मग एप्रिलमधल्या एका मंगळवारी अडीच वाजता शेजारच्या काकूंचा फोन आला. ‘घाबरू नकोस हं, आईला जरा चक्कर आली होती. आता बरी आहे. माझ्याकडे आणून झोपवलंय.’

डॉक्टरांनी बीपी बघितलं, पाणी जास्त प्यायला सांगितलं आणि सहज विचारलं, ‘दुपारी घर फार तापतं का हो तुमचं?’

मी ताबडतोब म्हटलं, ‘नाही, तसं काही नाही.’

आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. बोलली काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि घरी बसले. आमचं घर चौथ्या मजल्यावर, हॉलची खिडकी पश्चिमेला. दोन वाजता ऊन खिडकीशी आलं. तीनला सोफ्यावर. भिंतीवरच्या घड्याळात एक छोटासा तापमापक आहे, चार वर्षांत मी त्यात कधी डोकावले नव्हते. सदतीस! मुंबईचं तापमान म्हणून आपण ऐकतो तो आकडा सांताक्रूझ नाहीतर कुलाब्याच्या वेधशाळेचा असतो, तोही सावलीत मोजलेला. सांताक्रूझचा एप्रिलचा विक्रम आहे ४२.२ अंश, १४ एप्रिल १९५२ चा. पण चौथ्या मजल्यावरच्या हॉलचा आकडा कोण मोजतंय?

आई पॅसेजमध्ये ओली चादर अंथरून बसली होती. रोज तिथेच बसते म्हणे. आणि खिडकी? खिडकी चार बोटं उघडी. तेवढीच. दिवाळीत रंगकाम झालं तेव्हापासून ती तिथेच अडकलेली होती. पुढे सरकत नाही, मागे सरकत नाही. मला वाटायचं, आईला ती तशीच आवडते!

आता गोवंडीकरांना खिडकीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इतर ठिकाणी खिडकी वाऱ्यासाठी उघडतात. आमच्याकडे उघडण्याआधी वास घेतात. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धुराचा लोट नासाच्या उपग्रहातून दिसला होता. आम्हाला तो उपग्रहाशिवायच दिसत होता! त्यामुळे धूर आला की खिडकी घट्ट बंद, वारा आला की सताड उघडी, ही आमची घरोघरची ड्यूटी. आमची खिडकी मात्र यातलं काहीच करत नव्हती. ऊनही आत, धूरही आत, वारा तेवढा बाहेर.

मी काय केलं असेल? अर्थात, मोबाइल काढला. अ‍ॅपवरून एक तरुण आला, कडक इस्त्रीचा टी-शर्ट वगैरे. त्याने पाच मिनिटं खिडकीचे फोटो काढले आणि म्हणाला, ‘मॅडम, पूर्ण विंडो चेंज करावी लागेल. चौदा हजार.’ तपासणीचे पैसे वेगळे. मी म्हटलं, त्यापेक्षा एसीच घेऊ की. आई म्हणाली, ‘आणि बिल? मी एकटीसाठी दिवसभर एसी लावून बसू?’

शेवटी खालच्या हार्डवेअरवाल्याने नंबर दिला. शनिवारी अकरा वाजता अ‍ॅल्युमिनियमचं काम करणारे एक मिस्त्री आले. पन्नाशीचे, खांद्यावर रेक्झिनची पिशवी. खिडकीला हातही लावायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘दुपारी घरी कोण असतं?’

मी जरा सावधच झाले. मुंबईत हा प्रश्न कोणी विचारला की आपण आधी दाराकडे बघतो. ‘का?’

‘दुपारी कोणी नसेल तर नुसती रोलर बदलून देतो. कोणी असेल तर उन्हाचं पण बघायला लागेल.’

चौदा हजारवाल्याने हे विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नव्हतं.

मामांनी (हो, दहा मिनिटांत ते मामा झाले होते) सरकती काच वर उचलून आतल्या आत काढली. खालचे दोन्ही रोलर झिजून चपटे झालेले. ट्रॅकमध्ये धूळ, केस आणि रंगाऱ्याच्या लांबीचे वाळलेले गोळे. पावसाचं पाणी बाहेर जायची भोकंसुद्धा लांबीने बुजलेली. ‘जून असता तर पाणी हॉलमध्ये आलं असतं,’ मामा म्हणाले. काचेभोवतीचं रबर उन्हाने कडक होऊन तडकलं होतं. धूर तिथून यायचा.

मग हिशेब. रोलर, रबर, कडेची ब्रशपट्टी, मजुरी आणि बाहेरून बांबूची चटई बांधायची. अठराशे. मी लगेच सोळाशेवर आणले. लंचला मित्रांबरोबर दोन हजार उडवताना मी कधी घासाघीस केलेली नाही, हे मला तेव्हा आठवलं नाही. नंतर आठवलं.

‘चटई बाहेरून कशाला? आत पडदा आहे ना,’ मी म्हटलं.

‘पडदा आत आहे. म्हणजे ऊन काच ओलांडून घरात आलं, मग पडद्यावर थांबलं. गरमी आलीच ना आत? त्याला बाहेरच अडवायचं.’ मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या झडपेकडे बोट दाखवलं. तिच्या काचेच्या पट्ट्यांवर आम्ही कधीतरी पुठ्ठा चिकटवला होता. ‘हा काढा. वाऱ्याला आत यायला एक दार लागतं आणि जायला दुसरं.’

साडेबारा वाजले. रोलर बसले होते, चटई राहिली होती. मामा ग्रिलच्या बाहेर अर्धं अंग काढून तार बांधायला लागले. लोखंडी ग्रिल तापलेलं. मी त्यांचा शर्ट मागून धरून उभी. (हसू नका, दुसरा बेल्ट नव्हता.) तेवढ्यात आई आतून आली आणि माझ्या लहानपणीच्या आवाजात म्हणाली, ‘भाऊ, आत या. हे काम चारनंतर.’

‘ताई, चारला चेंबूरला दुसरं काम आहे.’

‘मग उद्या सकाळी या. पण आता नाही. परवा मी इथेच पडले होते.’

मामा आत आले. आईने पन्हं दिलं. पंख्याखाली बसले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला दिसला. आईने अगदी सहज त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, ‘तुमच्याकडे दुपारी घरी कोण असतं?’

‘बायको असते. इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवते. दुसरा माळा, नटवर पारेख कंपाउंड.’ मग हसून म्हणाले, ‘आमच्या खिडकीला काही बिघाड नाही. मीच बसवलीय. पण समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. दिवसा पण ट्यूबलाइट लावूनच बसते ती.’

नटवर पारेख कंपाउंड आमच्या घरापासून फार लांब नाही. मी रिक्षातून शंभरदा बाजूने गेले असेन. झोपड्या गेल्या, पक्की घरं मिळाली, हे बरंच झालं. पण दोन इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. नंतर मी वाचलं, ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासात, २०१८ मध्ये जाहीर झालेल्या, इथली आणि शेजारच्या लल्लूभाई कंपाउंडमधली घरं तपासली होती. जिथे ऊन-वारा पोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे रुग्ण जास्त आढळले. आमच्याकडे ऊन जास्त म्हणून आईला चक्कर. तिथे ऊनच नाही म्हणून आजार. दोन्ही घरं एकाच स्टेशनची.

रविवारी सकाळी सातला मामा येऊन चटई बांधून गेले. खिडकी एका बोटाने सरकली. अक्षरशः एका बोटाने! मी अठराशे पुढे केले. त्यांनी मोजून दोनशे परत दिले. ‘ठरले सोळाशे.’ मग माळ्याकडे बघत म्हणाले, ‘तो जुना एक्झॉस्ट चालू आहे का? विकायचा असेल तर बोला.’

आता घासाघीस उलट सुरू झाली. मी म्हटलं, असाच घेऊन जा. ते तयार होईनात. शेवटी आईने दीडशे सांगितले, त्यांनी शंभर म्हटले, आणि शंभरवर सौदा पटला. एक्झॉस्ट फॅन पिशवीत घालून ते जिना उतरले.

आमची आता नवी ड्यूटी आहे. सकाळी धूर नसेल तर खिडकी आणि झडप दोन्ही सताड उघडी. अकराला चटई खाली, खिडकी बंद. सूर्य कलला, वारा सुटला की पुन्हा उघडी. दुपारचं घड्याळ हल्ली चौतीसच्या आसपास दाखवतं. तीन अंश म्हणजे फार काही नाही, असं बीकेसीत बसून वाटू शकतं. पॅसेजमधली ओली चादर मात्र गेली. आई दुपारी हॉलमध्ये बसून पेपर वाचते.

महिन्याने मामा खालच्या मजल्यावर कामाला आले होते. आईने जिन्यातच गाठलं. ‘काय भाऊ, पंखा चालतो का?’

‘एकदम मस्त चालतो, ताई. बायको खूश. पण समोरवाली भांडायला आली. म्हणते, तुमची गरम हवा आमच्या खिडकीत येते.’ ते हसले. ‘खोटं नाही बोलत ती. हवा जाणार कुठे?’

‘मग?’

‘मग काय, वेळ ठरवलाय. एक तास आम्ही लावायचा, एक तास त्यांनी.’

तर दोस्तहो, यंदाच्या उन्हाळ्यात खिडकी दुरुस्त करायची असेल तर रोलर, रबर, पाण्याची भोकं एवढं नक्की तपासून घ्या. ऊन बाहेरच अडवा. घासाघीस जरा कमी करा आणि मिस्त्रीला भर दुपारी ग्रिलवर चढवू नका. पण या सगळ्याच्या आधी एक दिवस रजा टाका आणि दुपारी दोन ते पाच आपल्याच घरात बसून बघा. एसी न लावता. तिथे रोज कोण बसतं, ते कळेल.